दोन देशांच्या निर्यातीची तुलना करताय? या चुका टाळा

अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी गोव्यातली मुलं हमखास लोहखनिज निवडतात. साहजिकच आहे. कुणाचे वडील खनिज वाहणाऱ्या बार्जवर होते, कुणाच्या दारातला ट्रक खाणबंदीत उभाच राहिला. मग भारत आणि ऑस्ट्रेलिया यांची निर्यात एकाच आलेखावर येते आणि तिथे घोळ सुरू होतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे डॉलरचे आकडे घेऊन ‘माल कमी गेला’ असं म्हणणं. २०११ ते २०१५ या काळात दोन्ही देशांची डॉलरमधली रेघ खाली येते. ‘चीनची मागणी आटली, दोघांनाही फटका बसला’ हा निष्कर्ष मी कितीतरी वेळा वाचला आहे. प्रत्यक्षात टनाचा सरासरी भाव सुमारे १६८ डॉलरवरून ५६ डॉलरवर घसरला होता. ऑस्ट्रेलियाने त्याच काळात आपली निर्यात दीडपटीहून जास्त वाढवली. फक्त पैसे कमी आले. आपल्याकडे मालच अडला होता. कर्नाटकात २०११मध्ये आणि गोव्यात २०१२मध्ये खाणी थांबल्या, शिवाय डिसेंबर २०११मध्ये निर्यात शुल्क ३० टक्क्यांवर गेलं. २०१०-११मध्ये १० कोटी टनांच्या आसपास असलेली देशाची निर्यात २०१४-१५मध्ये १ कोटी टनांच्याही खाली आली. रेघा सारख्या, कारणं एकमेकांच्या उलट! म्हणून टन आणि भाव वेगळे मांडा, मूल्य त्यानंतर.

सगळ्या निर्यातीची तुलना असेल तर टनही चालत नाहीत. खनिज आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत बनणारी औषधं एका काट्यावर कशी तोलणार? तिथे भावातला बदल वजा केलेला परिमाण निर्देशांक घ्यावा लागतो.

निर्देशांक घेतला की पायाभूत वर्षाचा, म्हणजे ज्या वर्षाचा आकडा १०० धरून बाकीची वर्षं मोजायची त्या वर्षाचा, प्रश्न येतो. खनिजासाठी २०१५ = १०० धरलंत, तर पुढच्याच दोन वर्षांत भारत ऑस्ट्रेलियाला कुठल्या कुठे मागे टाकतो, कारण आपला पायाच जवळजवळ रिकामा होता. रेघ अशी अचानक उसळली तर आधी पायाभूत वर्ष बदलून बघा आणि शेजारी मूळ टन लिहा.

वर्षाच्या नावालाही फसू नका. आपलं २०१४-१५ एप्रिलमध्ये सुरू होतं, ऑस्ट्रेलियाचं जुलैमध्ये. तिमाही आकडे तर आणखी जपून वापरा: पावसात मांडवी-जुवारी नद्यांतून होणारी खनिजाची वाहतूक दरवर्षी मंदावते, म्हणून जुलै-सप्टेंबरची तुलना मागच्या जुलै-सप्टेंबरशीच करायची.

मुरगाव बंदराचा आकडा म्हणजे गोव्याचं उत्पादन नव्हे, हे इथल्या मुलांनाही सांगावं लागतं. कर्नाटकातल्या होस्पेट-बळ्ळारीचं खनिजही इथूनच बोटीवर चढत असे.

आणि मालिका १९५०च्या दशकापासून घेणार असाल, तर १९६१पाशी थांबा. तोवर गोव्याचं खनिज जपानला जात होतं ते पोर्तुगीज वसाहतीच्या नावावर. मुक्तीनंतर तोच माल भारताच्या खात्यात आला. ती उडी निर्यातवाढ म्हणून मोजू नका. आलेखावर तिथे उभी रेघ मारून खाली कारण लिहा.