डेंग्याला डेंगा: खाडीतली झुंज कशी पाहावी

ओहोटी लागली की खाडीच्या चिखलाकाठी बसा आणि दहा मिनिटं हलू नका. नुसती सावली हलली तरी इथले छोटे फिडलर खेकडे बिळात शिरतात. एकच डेंगा, म्हणजे नांगी, मोठा असलेले ते नर. मी आधी बिळाचा मालक हेरते, कारण बहुधा तोच जिंकतो. उपरा आला की डेंग्याला डेंगा भिडवून दोघं एकमेकांना जोखतात. फरक मोठा असेल तर धाकटा मुकाट निघून जातो. म्हणून बरोबरीची जोडी शोधा, खरी रेटारेटी तिथेच. काही जातींत तुटून पुन्हा फुटलेला डेंगा लांब पण हलका असतो, दात कमी, जोरही कमी. समोरच्याला ते नुसतं बघून कळत नाही! ती थाप पचली की माझ्या अंगावर काटा येतो.