अमेरिकेतील लोकपरंपरांची वही कशी ठेवावी

सातारा-सांगलीकडचे कितीतरी आईवडील मुलांकडे अमेरिकेला पाच-सहा महिने राहून येतात आणि परतल्यावर नायगाराचे फोटो दाखवतात. शेजारच्या घरात कोणत्या रीती पाळल्या जातात हे मात्र त्यांना सांगता येत नाही. त्यासाठी एक शंभर पानी वही पुरते.

निघण्यापूर्वी आठवडाभर आपल्याच घरात सराव करावा. बावधनचे बगाड कोणीही टिपून घेईल. पण मीठ हातातून हातात न देणे किंवा पावसाच्या नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की उंदीर हे पंचांगात पाहणे, या गोष्टी अंगवळणी पडल्यामुळे नजरेतून सुटतात. अमेरिकेच्या १९७६ च्या लोकजीवन संरक्षण कायद्यातील व्याख्येतही कुटुंब, व्यवसाय, धर्म, प्रदेश अशा समूहांत मुख्यतः तोंडी किंवा अनुकरणाने शिकल्या जाणाऱ्या गोष्टी येतात, म्हणजे स्वयंपाकघरही त्यात आले.

तिथे गेल्यावर 'ही प्रथा कशासाठी?' असे थेट विचारू नये, कारण उत्तर बहुधा 'असेच' मिळते. आधी आपली रीत सांगावी. जॉर्जियात वाढलेल्या एका शेजारीणबाईंनी १ जानेवारीला मला चक्क चवळीची उसळ वाढली, तेव्हा माझ्या प्रश्नावर त्या नुसत्या हसल्या. जेवताना मीठदाणी देण्यासाठी त्यांनी हात पुढे केला आणि मी ती टेबलावर ठेवायला सांगितली; आमच्या वाईकडे मीठ हातात दिले की भांडण होते असे मानतात, हेही सांगितले. त्यासरशी त्या खुलल्या. मीठ सांडले तर त्यांची आई चिमूटभर मीठ डाव्या खांद्यावरून मागे टाकत असे; आणि वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी म्हणजे नाणी, पालेभाजी म्हणजे नोटा आणि मक्याचा पाव म्हणजे सोने, असा त्या जेवणाचा अर्थ होता.

नोंद करताना 'अमेरिकन लोक असे करतात' असे कधीही लिहू नये. कोणी सांगितले, ती व्यक्ती कुठे वाढली, कोणाकडून शिकली आणि आता ती रीत पाळते का, हे तारखेसह लिहावे. दृष्ट लागू नये म्हणून 'नॉक ऑन वूड' म्हणत लाकडावर टकटक करणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे देवनागरीत उतरवावेत. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी. नकार आला तर विषय तिथेच सोडावा.

ठरलेल्या दिवसांवरही लक्ष ठेवावे. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या जेवणानंतर, टर्कीचे दुबेळके हाड वाळवून दोघे ओढतात आणि मोठा तुकडा ज्याच्या हाती राहील त्याची इच्छा पूर्ण होते असे मानतात. २ फेब्रुवारीला ग्राउंडहॉग हा खारीच्या कुळातला बिळात राहणारा प्राणी बिळाबाहेर आला आणि त्याला स्वतःची सावली दिसली, तर थंडी आणखी सहा आठवडे टिकते असे म्हणतात. पेनसिल्व्हेनियातील पंक्सुटॉनी येथे हा दिवस १८८७ पासून साजरा होतो. या नोंदीशेजारी आपल्या नक्षत्राच्या वाहनाची नोंद अवश्य करावी.

निघण्याच्या आठवड्यात प्रत्येकाला त्याची नोंद वाचून दाखवावी, चुका दुरुस्त कराव्यात आणि तेवढ्या पानांची एक प्रत त्याच्या घरी ठेवून यावी.