विरजणातील जीवाणू ओळखताना: १६एस सिक्वेन्सपासून नावापर्यंत

बडोद्यात दांडिया बाजारातील एखाद्या घरी वर्षानुवर्षे एकाच विरजणावर कवडीदार दही लागत असेल, तर त्या विरजणात कोणकोणते जीवाणू नांदतात हे पाहणे हा सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी आटोपशीर प्रकल्प आहे. त्यासाठी १६एस आरआरएनए हे सर्व जीवाणूंत असणारे जनुक वाचतात, म्हणजे त्याच्या डीएनए-अक्षरांचा क्रम (सिक्वेन्स) काढतात. त्याची लांबी सुमारे १५०० अक्षरांची असून त्यात जीवाणूगणिक बदलणारे नऊ भाग आहेत. बहुतेक प्रकल्पांत तिसरा-चौथा भाग, म्हणजे व्ही३-व्ही४, वाचला जातो. दह्याबरोबरच विरजण लावण्यापूर्वीचे तापवलेले दूध आणि एक रिकामी कुपीही सिक्वेन्सिंगला पाठवावी, कारण दूध उकळल्याने जीवाणू मरतात, पण त्यांचा डीएनए पूर्णपणे नाहीसा होत नाही; रिकाम्या कुपीवरून बाहेरून शिरलेला डीएनए कळतो.

प्रत्येक नमुन्यामागे पुढून आणि मागून वाचलेल्या अशा दोन फास्टक्यू फाइली (वाचलेली अक्षरे आणि त्यांचा दर्जा नोंदवणाऱ्या) हाती येतात. त्यांतून आधी कटअडॅप्ट या प्रोग्रॅमने प्रायमर, म्हणजे हवा तो भाग उचलण्यासाठी वापरलेले छोटे डीएनए-तुकडे, काढावेत आणि मग वाचनातल्या चुका गाळून खरे सिक्वेन्स वेगळे करणारा डाडा२ हा प्रोग्रॅम चालवावा. येथे रीड (एका दिशेने वाचलेला तुकडा) किती लांबीवर छाटायचे हे ठरवताना कागद-पेन्सिल घेऊन बसणे चांगले. ३४१ ते ८०५ या नेहमीच्या प्रायमर-जोडीने मिळणारा तुकडा सुमारे ४६५ अक्षरांचा असतो; १७ आणि २१ अक्षरांचे प्रायमर वजा केले की सुमारे ४२७ उरतात, आणि दोन्ही रीड जुळण्यासाठी किमान १२ अक्षरे एकमेकांवर यावी लागतात. मागच्या रीडचा दर्जा शेवटी घसरतो म्हणून मी एकदा २२० आणि २०० वर छाटले आणि जवळजवळ एकही जोडी जुळली नाही; बेरीजच ४२० होती. २६० आणि २०० घेतल्यावर काम झाले. जोडणीनंतर कायमेरा, म्हणजे दोन जीवाणूंचे तुकडे चिकटून तयार झालेले खोटे सिक्वेन्स, काढून टाकावेत.

खरी गफलत नाव देताना होते. २०२० साली लॅक्टोबॅसिलस या प्रजातीची (जीनस; तिच्यात अनेक जाती, म्हणजे स्पीशीज, येतात) २५ प्रजातींत विभागणी झाली आणि त्यांतील २३ नावे नवी होती. दह्यात आढळू शकणारा फर्मेंटम हा जीवाणू तेव्हापासून लिमोसिलॅक्टोबॅसिलस झाला. सिक्वेन्सवरून नाव शोधण्याच्या डेटाबेसांपैकी ग्रीनजीन्सच्या २०१३ च्या आवृत्तीत तोच सिक्वेन्स लॅक्टोबॅसिलस म्हणून येतो, तर जीटीडीबीच्या अलीकडच्या आवृत्तीत नव्या नावाने. म्हणून दोन घरांच्या विरजणांची तुलना करायची असेल, तर दोन्हींचे सिक्वेन्स एकाच डेटाबेसच्या एकाच आवृत्तीवर पुन्हा चालवावेत. आधीच तयार असलेले नावांचे तक्ते शेजारी-शेजारी ठेवू नयेत. सिल्वा हा डेटाबेस वापरल्यास आवृत्ती १३८.१ की १३८.२ हेही वहीत टिपावे. नुसते ‘सिल्वा वापरले’ असे लिहिणे म्हणजे पत्त्यात फक्त शहराचे नाव लिहिण्यासारखे आहे.

जातीच्या नावावर मात्र फार विसंबू नये. दह्यातील स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि तोंडात राहणारा सॅलिव्हॅरियस यांचे १६एस इतके सारखे आहे की एवढ्या तुकड्यावरून निवाडा करणे धोक्याचे ठरते. सर्वाधिक आढळलेले पाच-सहा सिक्वेन्स एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या ब्लास्ट या सिक्वेन्स-शोध साधनावर १६एसच्या निवडक संग्रहाशी ताडून पाहावेत, आणि पहिल्या क्रमांकावर दोन-तीन जाती समान गुणांनी आल्या तर अहवालात प्रजातीपाशीच थांबावे. यीस्ट या पद्धतीत दिसतच नाही; त्यासाठी बुरशीवर्गीयांचा आयटीएस हा डीएनए-भाग वाचून युनाइट हा डेटाबेस वापरावा लागतो.

शेवटी कच्च्या फास्टक्यू फाइली एनसीबीआयच्या एसआरए या कच्च्या सिक्वेन्सच्या संग्रहात किंवा फरिदाबाद येथील भारतीय जैविक माहिती केंद्रात जमा कराव्यात. सोबतच्या तक्त्यात दूध गाईचे की म्हशीचे, दही किती तास लागले, भांडे मातीचे की स्टीलचे आणि त्या दिवशी खोलीचे तापमान किती होते, हे नमुना घेतानाच लिहून ठेवलेले असावे. सहा महिन्यांनी ते घरच्या आजींनाही आठवत नाही.