परसात लावा पाळताय? या चुका टाळा, आम्ही सगळ्या करून बसलोय

बदलापूरला रो-हाऊस घेतलं तेव्हा मागे दहा बाय बाराची मोकळी जागा मिळाली. तिथे आधी वांगी लावून झाली, मिरच्या लावून झाल्या, मग ऑफिसातला एकजण म्हणाला अरे बटेर पाळ, पंचवीस पक्षी टेबलाएवढ्या जागेत मावतात, कोंबड्यासारखं पहाटे आरवणं नाही, सोसायटीची कटकट नाही. झालं, आणली पंचवीस पिल्लं. महिनाअखेर अकरा उरली. आणि गंमत म्हणजे त्यातलं एकही रोगाने मेलं नव्हतं, सगळी आमच्या शहाणपणाने गेली. लहानपणी गावाला आजीकडे कोंबड्या बघितल्या होत्या ना, त्यामुळे वाटायचं की ही त्याचीच छोटी आवृत्ती. इथेच सगळं चुकतं.

आधी नावाचा घोळ मिटवू. बटेर म्हणा, लावा म्हणा, लाव्ही म्हणा, आपण पाळतो तो जपानी लावा, १९७४ साली अमेरिकेतून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणला गेलेला. तिथल्या पक्षी संशोधन संस्थेने (इंग्रजी नावाची आद्याक्षरं म्हणजे 'कारी') पुढे त्याच्या कारी उत्तम, कारी पर्ल वगैरे जाती तयार केल्या. शेतात, माळावर दिसणारे जंगली लावे आणि तितर हे वेगळे, त्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. हायवेला कुणी टोपलीत घेऊन बसला असेल आणि स्वस्तात देत असेल तर हात लावू नका. पिल्लं हॅचरीतूनच घ्या आणि पावती मागा.

आता पहिली मोठी चूक, पिंजऱ्याची उंची. आम्ही हौसेने तीन फूट उंच पिंजरा बनवून घेतला, बिचाऱ्यांना मोकळं वाटावं म्हणून. लावा घाबरला की पळत नाही, सरळ वर उडतो, रॉकेटसारखा. मांजर दिसलं, कुकरची शिट्टी झाली, कुणी दार आपटलं की थाड. तीन फुटात त्याला वेग घ्यायला पुरेपूर जागा मिळते आणि डोकं जाळीवर आपटून फुटतं. दोन तर सकाळी उठून बघतो तर मेलेले, डोक्यावरची कातडी निघालेली. म्हणून एकतर उंची एक फुटाच्या आत ठेवा म्हणजे वेगच येत नाही, नाहीतर सरळ माणूस उभा राहील एवढं सहा-साडेसहा फुटांचं दालन करा. मधलं काही नको. आधीच उंच पिंजरा असेल तर आतून वरच्या बाजूला जुनी चादर नाहीतर शेडनेट सैल ताणून लावा, आमचं काम त्यावरच निभावलं.

आणि हो, कोंबडीसारखं संध्याकाळी आपोआप खुराड्यात येईल या भरवशावर अंगणात सोडू नका. तो येत नाही. गेला की गेला. शेजारच्या काकांच्या छतावरून आमचा एक नर दोन दिवस ओरडत होता, तिसऱ्या दिवशी आवाज बंद झाला, बहुतेक मांजराने निकाल लावला.

पिल्लांचं जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त मरतूक इथेच होते. अंड्यातून निघालेलं पिल्लू सात-आठ ग्रॅमचं असतं, म्हणजे सुपारीपेक्षा थोडं मोठं. त्याला पहिल्या आठवड्यात पस्तीस ते सदतीस डिग्री ऊब लागते, मग दर आठवड्याला साधारण तीन डिग्रीने कमी करत जायचं. आमच्या खोक्यात बल्ब होता की, पण एलईडी! नऊ वॉटचा एलईडी उजेड झकास देतो, ऊब शून्य. रात्रभर पिल्लं एकावर एक चढून बसली आणि खालची गुदमरली. जुना पिवळा साठ किंवा शंभर वॉटचा बल्ब शोधून आणा, अजून मिळतो, नाहीतर सिरॅमिक हीटर घ्या. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली गठ्ठा झाला म्हणजे गारठलीत, बल्बपासून लांब चोच उघडून पडलीत म्हणजे भाजतायत, सगळी एकाच कोपऱ्यात म्हणजे दुसऱ्या बाजूने वारा लागतोय. मस्त पसरून झोपली असतील तर तुम्हीपण जाऊन झोपा. पावसाळ्यात लाईट जाते तेव्हासाठी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची सवय लावा.

खाली पेपर अंथरला ही आणखी एक चूक. गुळगुळीत पेपरवर पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि दोन दिवसांत ते पिल्लू कायमचं लंगडं होतं. पहिले काही दिवस गोणपाट किंवा जाडंभरडं कापड टाका, खाणं कुठलं आणि तूस कुठलं हे कळायला लागलं की मग भाताचं तूस. पाण्याचं भांडं म्हणजे बाटलीचं झाकण किंवा छोटा ड्रिंकर, आणि त्यातपण गोट्या नाहीतर धुतलेली खडी टाकायचीच. हसू नका, अर्धा इंच पाण्यात पिल्लू बुडून मरतं, आणि नुसतं भिजलं तरी गारठून मरतं. आमची चार अशीच गेली.

खाद्याबद्दल लोक ऐकत नाहीत. "आमच्याकडे तांदळाची कणी आहे, बाजरी आहे, तेच घालतो." घाला, पण मग अंडी मागू नका. लाव्याच्या पिल्लाला चोवीस टक्क्यांच्या वर प्रोटीन लागतं, अंड्यावरच्या मादीला वीस-बावीस, आणि अंड्यावरच्या कोंबडीचं नेहमीचं खाद्य (लेयर फीड) सोळा-अठराचं असतं. लाव्याचं वेगळं खाद्य सगळीकडे मिळत नाही, तेव्हा सुरुवातीला ब्रॉयलर कोंबडीच्या लहान पिल्लांचं प्री-स्टार्टर खाद्य घ्या, त्यातलं प्रोटीन बऱ्यापैकी जवळ जातं, आणि बारीक करून द्या कारण त्यांच्या चोचीत मोठा दाणा जात नाही. घरच्या मिक्सरला नाही हं, त्यावरून आमच्याकडे महाभारत झालंय. अंडी सुरू झाली की शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. कवच पातळ येतंय, अंडं हातात घेतलं की दबतंय, याचं कारण बहुतेक वेळा कॅल्शियमच असतं.

आणि पन्नास किलोची गोणी स्वस्त पडते म्हणून उचलू नका! हिशोब करा, एक मोठा पक्षी दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम खातो, वीस पक्ष्यांना अर्धा-पाऊण किलो, म्हणजे गोणी अडीच-तीन महिने चालणार. जुलैच्या दमट हवेत तीन आठवड्यांतच तिला बुरशीचा वास यायला लागतो आणि त्या बुरशीचं विष लिव्हरवर जातं. पक्षी सुस्त, अंडी कमी, हळूहळू मर, आणि आपण औषधं शोधत बसतो. पाच-दहा किलो घ्या, पत्र्याच्या डब्यात ठेवा, वास आला की फेका. वाळवून घातलं तर चालेल का असं आईने विचारलं होतं. नाही चालत, विष उन्हाने जात नाही.

नर-मादीचं गणित. तीन-चार माद्यांना एक नर पुरतो. आमच्याकडे निम्मे नर निघाले आणि त्यांनी माद्यांची डोकी, पाठी टोचून टोचून रक्तबंबाळ केल्या. तीन आठवड्यांची झाली की छाती बघा, नराची विटकरी-तांबूस आणि साधी, मादीची फिकट आणि काळ्या ठिपक्यांची (पांढऱ्या जातीत हे चालत नाही, तिथे थोडं थांबावं लागतं). जास्तीचे नर वेगळे करा. मोठ्या नराच्या मागच्या बाजूने पांढरा फेस येतो, तो बघून घाबरून हगवणीचं औषध देऊ नका. तो धडधाकट नर आहे एवढाच त्याचा अर्थ. आणि फक्त खायला अंडी हवी असतील तर नर लागतच नाही, मादी नराशिवाय अंडी देते. हे सांगितलं की अजूनही लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

अंडी अचानक बंद झाली? सहा-सात आठवड्यांना सुरू झालेली मादी डिसेंबरात गप्प बसली तर आधी उजेड बघा. तिला दिवसाला चौदा ते सोळा तास उजेड लागतो आणि आपल्याकडे थंडीत दिवस अकरा तासांचा. संध्याकाळी टायमरवर बल्ब लावा, इथे तुमचा एलईडी चालतो बघा. एकदम चार तास वाढवू नका, आठवड्याला अर्धा-एक तास. रात्रभर चालू ठेवला तर जास्त अंडी मिळतील हा हावरटपणा नको, पक्षी चिडचिडे होतात आणि एकमेकांना टोचतात. उजेड ठीक असेल तर मग जागा बदलली का, खाद्य बदललं का, रात्री उंदीर येतो का, या क्रमाने बघा.

उंदरावरून जाळीचं सांगायचं राहिलं. षटकोनी भोकांची कोंबडी-जाळी मिळते ती कोंबड्या आत ठेवायला आहे, उंदीर-मुंगूस बाहेर ठेवायला नाही. अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्डमेश जाळी घ्या, महाग आहे, तरी घ्या. पिंजरा जमिनीपासून तीन फूट वर, पायांखाली पाण्याच्या वाट्या म्हणजे मुंग्यापण चढत नाहीत. खाली सांडलेलं खाद्य रोज झाडा, कारण उंदीर खाद्यासाठी येतो आणि उंदरासाठी धामण येते. उल्हास नदीच्या जवळ राहणाऱ्यांनी २००५ आणि २०१९ च्या जुलैतला पूर आठवून पिंजरा दोन माणसांना उचलता येईल असाच करावा.

वास हा विषय शेजाऱ्यांच्या आधी पक्ष्यांचा आहे. विष्ठेतून अमोनिया सुटतो, तुमच्या डोळ्यांना झोंबायला लागला म्हणजे त्यांच्या फुफ्फुसांना केव्हाच लागलाय. पावसात प्लास्टिकने पिंजरा चारी बाजूंनी बंद करणं ही तर हमखास चूक, वरून आणि पावसाच्या बाजूने झाका, बाकी हवा खेळती ठेवा. ट्रे दिवसाआड काढा. ते खत ताजं झाडांना घालू नका, मिरची जळते, आधी कंपोस्टात कुजवा. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याखाली पिंजरा म्हणजे तंदूर, त्यामुळे पत्र्यावर गवत किंवा ओलं गोणपाट आणि दुपारी गार पाणी एकदा बदलायचं.

कोंबड्या आणि लावे एकत्र ठेवू का, हे सगळेच विचारतात. नको. कोंबडी टोचून मारते हे एक, आणि कोंबडी स्वतः ठणठणीत दिसत असताना तिच्याकडची सर्दी लाव्यांना जाऊ शकते. कोंबड्यांना मानमोडीची (राणीखेत) लस देऊन घ्या. गिनी फाउलचा विचार असेल तर आधी ती कुठेतरी जाऊन ऐका, तिच्यापुढे कोंबडा म्हणजे अंगाई आहे.

एखादा पक्षी फुलून कोपऱ्यात बसला तर लगेच वेगळा करा आणि तीन दिवस बघा. पण एका दिवसात चार-पाच मेले तर घरगुती उपाय, ग्रुपवर फोटो वगैरे करत बसू नका, मेलेले पक्षी उघड्या हाताने उचलू नका, सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लू २००६ ला नवापूरला आला होता, २०२१ ला परभणीच्या मुरुंब्यात. तो आपल्या परसात येणारच नाही असं काही नाही.

शेवटी अंडी उबवायची हौस. पाळीव लावा स्वतः अंड्यांवर बसत नाही, इतक्या पिढ्यांत ती सवयच गेलीय, त्यामुळे इन्क्युबेटर नाहीतर खुडूक देशी कोंबडी लागते, आणि कोंबडी शक्यतो लहान चणीची बघा कारण दहा-बारा ग्रॅमचं अंडं जड कोंबडीखाली फुटतं. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, फ्रीजमधली नकोत, नर नसलेल्या पिंजऱ्यातली तर नकोतच (आम्ही केलंय हे पण). साडेसदतीस डिग्री, चौदा दिवस फिरवायची, मग हात लावायचा नाही. सतराव्या-अठराव्या दिवशी टकटक सुरू झाली की झाकण उघडून मुलांना दाखवायचा मोह होतो, उघडू नका, आतली दमट हवा गेली की अर्धवट निघालेलं पिल्लू कवचालाच चिकटतं. काचेतून दाखवा. विसाव्या दिवसापर्यंत काही झालं नाही तर फेकून द्या, आणि आत काय होतं ते फोडून बघायचंच असेल तर घरापासून लांब जाऊन फोडा.