अमानुल्ला खानची दहा वर्षं, शाळेच्या भिंतीवर

गावच्या शाळेत अफगाणिस्तानचा हा राजा शिकवायचा तर सुतळीवर कालपट्टी बांधा. 1919 ते 1929 असे 11 रकाने, वर्षाला 20 सेंमी, म्हणजे 220 सेंमी सुतळी; गाठींसाठी हातभर जास्त. चिकटपट्टी नको, चुन्याच्या भिंतीवरून दुपारच्या उन्हात सुटते. दोन खिळे ठोका, कार्डं कपड्यांच्या चिमट्यांनी लावा.

पहिलं कार्ड फेब्रुवारी 1919: वडील हबीबुल्लांचा खून, अमानुल्ला अमीर (तिथल्या शासकाची पदवी). मे महिन्यात इंग्रजांशी युद्ध, 8 ऑगस्टला रावळपिंडीचा तह. हे सुरुवातीपासून 12 सेंमीवर येतं. 1923 ला राज्यघटना. 1926 पर्यंत 'राजा' लिहू नका, तोवर तो अमीरच.

पोरं घोळ घालतात तो हबीबुल्लांचा. एक बाप, दुसरा 1929 मध्ये काबूल घेणारा बंडखोर हबीबुल्ला कलकानी. दोघांची कार्डं वेगळ्या रंगाची ठेवा.

डिसेंबर 1927 ते जुलै 1928 चा परदेश दौरा म्हणजे साधारण 12 सेंमीचा पट्टा. त्यात मुंबईही आहे, पोरांना ते आवडतं. पण सारं बंड या दौऱ्यामुळं झालं असं सांगू नका. 1924 चं खोस्त या अफगाण भागातलं बंड आधीच टांगलेलं दिसायला हवं. शेवटचं कार्ड 14 जानेवारी 1929, गादी सोडली. 1960 चा मृत्यू सुतळीबाहेर.