हॉटेलात, दुकानात कार्डाने पैसे देताय? भिडेपोटी होणाऱ्या या चुका टाळा

रविवारची दुपार. पुण्यातलं एक थाळीचं हॉटेल, बाहेर वीस-पंचवीस माणसं नंबर लागायची वाट बघत उभी. आमचं जेवण झालं, बिल आलं, बडीशेपेची वाटी आली. बाबांनी बिलाच्या फोल्डरमध्ये कार्ड ठेवलं आणि वेटर ते घेऊन गल्ल्याकडे गेला. दोन मिनिटांनी तिकडूनच आवाज आला, "काका, पिन काय?" बाबांनी बसल्या जागेवरून चार आकडे सांगून टाकले. आजूबाजूच्या चार टेबलांना सहज ऐकू गेले असतील. आकडे कुठले, तर त्यांचं जन्मवर्ष.

त्या दिवशी काही चोरीला गेलं नाही. वेटर सरळ माणूस होता, कार्ड आणि पावती दोन्ही नीट परत आलं. पण घरी आल्यावर मी विषय काढला तर बाबा म्हणाले, "अगं, एवढी गर्दी, तो पोरगा धावतोय. त्याला कसं म्हणायचं की मशीन इकडे आण?"

भीड भिकेची बहीण, ही म्हण मला बाबांनीच शिकवली होती. कार्डाच्या बाबतीत मी आजवर पाहिलेल्या बहुतेक चुका अशा भिडेतूनच झालेल्या आहेत. पिन कुणाला सांगू नये हे सगळ्यांना माहीत असतं. समोरचा माणूस घाईत असला, मागे रांग असली की आपल्याला बोलवत नाही, एवढंच.

कार्ड नजरेआड जाऊ देणं

दोन मिनिटांत काय होणार, असं वाटतं. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढायला दहा सेकंद पुरतात. नंबर, मुदतीची तारीख आणि मागचा तीन आकडी सीव्हीव्ही एवढं हाती आलं की काम झालं. आपल्याकडच्या वेबसाइटवर ओटीपी लागतो, पण परदेशातल्या अनेक वेबसाइट तो मागतच नाहीत. दुसरा धोका कार्डामागच्या काळ्या पट्टीचा. तिच्यावरची माहिती दर वेळी तीच असते. मुठीत मावेल एवढ्या स्किमरमधून, म्हणजे पट्टीवरची माहिती चोरणाऱ्या यंत्रातून, पट्टी एकदा सरकवली की तिची नक्कल तयार.

आता बहुतेक हॉटेलांत मशीन बिनतारी असतं, टेबलाशी येतं. "मशीन इथे आणता का? रेंज नसेल तर मीच काउंटरला येते," एवढं वाक्य पुरतं. यात कुणाचा अपमान नाही. मी गेली काही वर्षं हे म्हणते आहे आणि एकाही वेटरने वाईट वाटून घेतलेलं मला आठवत नाही. पेट्रोल पंपावर मशीन लांबच्या खांबापाशी असेल तर गाडीतून उतरून तिथपर्यंत जा.

सीव्हीव्ही पाठ करून त्यावर अपारदर्शक स्टिकर चिकटवून टाका. आणि परत आलेलं कार्ड पाकिटात टाकण्याआधी त्यावरचं नाव वाचा. एकाच बँकेची कार्डं हुबेहूब सारखी दिसतात, गर्दीच्या काउंटरवर अदलाबदल होते. कधी चुकून, कधी मुद्दाम.

पिन सांगणं, लिहिणं, दाखवणं

इथे मला जास्त थांबायचं आहे, कारण पिन सांगण्यात नुसती चोरीची भीती नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला मोठं संरक्षण दिलं. तुमची चूक नसताना खात्यातून पैसे गेले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. पण नुकसान तुमच्या निष्काळजीपणामुळे झालं असेल, म्हणजे पिन किंवा ओटीपी तुम्हीच कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत गेलेले सगळे पैसे तुमचेच गेले. बाबांनी ते चार आकडे मोठ्याने उच्चारले, तेव्हा हे संरक्षणही त्यांनी हातचं घालवलं होतं.

म्हणून पिन तोंडाने सांगायचा नाही, स्वतःच्या बोटाने दाबायचा. दुसरा तळहात वर आडवा धरायचा, कारण काउंटरच्या वर कॅमेरा असतोच. जन्मवर्ष, गाडीचा नंबर, १२३४ असले पिन आजच बदला. घरातल्या थोरांची पाकिटं एकदा प्रेमाने तपासा. कार्डाच्या कागदी पाकिटावर बॉलपेनने लिहिलेला पिन मला आमच्याच नात्यात दोन घरांत सापडला आहे. त्यांना ओरडू नका. शेजारी बसून, त्यांच्या लक्षात राहील असा नवा पिन त्यांच्याकडूनच टाकून घ्या.

दुकानात मशीनवर साधं पेमेंट करताना पिन लागतो, ओटीपी लागत नाही. काउंटरवरचा माणूस "एक ओटीपी आला असेल, तो सांगा" म्हणाला तर आधी तो मेसेज शेवटपर्यंत वाचा. किती रुपयांसाठी, कशासाठी, हे त्यातच लिहिलेलं असतं.

स्क्रीन न बघता पिन दाबणं

अनेक मशीनवर रक्कम पैशांसकट टाकावी लागते. १,२५० रुपये घ्यायचे तर १२५००० असं दाबायचं. गर्दीत एक शून्य जास्त पडलं की साडेबारा हजार झाले, एक कमी पडलं की सव्वाशे. यात लबाडी असतेच असं नाही, बोट घसरतं. मशीन हातात घ्या, रक्कम वाचा, मग पिन. टॅप करतानाही, म्हणजे कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे देतानाही हेच, उलट जास्तच, कारण तिथे पिनसाठी थांबायची वेळच येत नाही.

रक्कम चुकल्याचं तिथेच लक्षात आलं तर व्यवहार 'व्हॉइड', म्हणजे रद्द करायला सांगा. त्या दिवसाचा मशीनचा हिशेब बंद होण्याआधी दुकानदाराला ते करता येतं. एकदा हिशेब बंद झाला की रिफंडचा लांबचा रस्ता आणि पुष्कळ दिवसांची वाट.

बिलावर सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो सक्तीचा नाही. तो काढायला सांगायचा असेल तर कार्ड देण्याआधी सांगा. आणि डेबिट कार्डाने पैसे देताय म्हणून कुणी वर दोन टक्के मागत असेल तर ते चूक आहे. मशीनचं कमिशन ग्राहकाकडून वसूल करू नये, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे.

चिप असताना पट्टी ओढणं

चिप दर व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते, म्हणून तिची चोरलेली माहिती पुढच्या वेळी चालत नाही. पट्टीचं तसं नाही. त्यामुळे "चिप चालत नाहीये, स्वाइप करू का?" असं विचारलं तर आधी कार्ड काढून मऊ कोरड्या कापडाने चिप पुसा आणि पुन्हा घाला. बहुतेक वेळा एवढ्यानेच चालतं. व्यवहार पूर्ण होईपर्यंत कार्ड आत राहू द्या, घाईने ओढलं तरी मशीन चूक दाखवतं. दर दुकानात हीच कटकट होत असेल तर बँकेकडून नवं कार्ड मागवा.

टॅप करण्याबद्दल लोकांना वाटणारी भीती मला थोडी चुकीच्या जागी वाटते. लोकलच्या गर्दीत कुणी खिशाला मशीन लावून पैसे काढेल का, हे मला खूप जण विचारतात. मशीन कार्डाच्या अगदी जवळ, काही सेंटिमीटरवर यावं लागतं आणि ते कुणाच्या तरी नावाने बँकेत नोंदलेलं असतं, पैसे त्याच खात्यात जातात. खरी काळजी आहे ती कार्ड हरवण्याची. १ जानेवारी २०२१ पासून एका टॅपला ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. सापडलेलं कार्ड घेऊन माणूस दोन-चार दुकानं फिरू शकतो. कार्ड जागेवर नाही असं वाटलं की घरभर शोधण्याआधी ॲपमधून ते बंद करा. सापडलं तर परत चालू करता येतं.

पैसे कापले, पण स्लिप आली नाही

सर्वांत जास्त भांडणं इथे होतात. मशीन म्हणतं 'डिक्लाइन्ड', किंवा नुसतंच गोल फिरत राहतं, आणि फोनवर मेसेज येतो: खात्यातून २,३४० रुपये वजा. दुकानदार म्हणतो, माझ्याकडे आले नाहीत, पुन्हा स्वाइप करा. तुम्ही म्हणता, माझे तर गेले. दोघंही खरं बोलत असतात. बँकेने होकार दिला, पण मध्येच नेटवर्क तुटलं आणि तो होकार मशीनपर्यंत पोचलाच नाही.

अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा कार्ड घालू देऊ नका. दोन मिनिटं थांबा. मेसेज उशिरा येतात, म्हणून बँकेच्या ॲपमध्ये शेवटचा व्यवहार बघा. मग दुकानदाराला मशीनमधून शेवटच्या व्यवहाराची पावती पुन्हा छापायला सांगा. व्यवहार झालेला असेल तर ती निघते आणि प्रश्न तिथेच मिटतो. झालेला नसेल तर व्यवहार फसल्याची स्लिप मागून घ्या, रोख किंवा दुसऱ्या मार्गाने पैसे द्या आणि तसं बिलावर लिहून घ्या. मागे दहा माणसं उभी आहेत म्हणून स्लिप न घेता निघून यायचं नाही.

पुढे काय? रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे अशा व्यवहाराचे पैसे, तो दिवस सोडून पाच दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तुम्ही तक्रार करायची वाट न बघता बँकेने स्वतःहून द्यायची. सहाव्या दिवशी खातं बघा आणि भरपाई आली नसेल तर मागा. आपल्या हक्काची रक्कम मागताना कसला आलाय संकोच?

या स्लिपा उन्हात, गरमीत पांढऱ्याफटक पडतात. घेतल्या घेतल्या फोटो काढून ठेवा.

सगळी दारं उघडी ठेवणं

१ ऑक्टोबर २०२० पासून ऑनलाइन, परदेशी आणि टॅप हे तिन्ही वापर आपल्याला हवे तसे चालू-बंद करता येतात आणि मर्यादाही घालता येते. हॉटेलात कार्डाचा फोटो कुणी काढलाच, तरी परदेशी व्यवहार बंद असेल तर त्या फोटोचा फारसा उपयोग होत नाही. रोजची मर्यादा गरजेपुरती ठेवा. लग्नाच्या खरेदीच्या दिवशी वाढवायची, रात्री पुन्हा खाली आणायची. दोन मिनिटांचं काम आहे.

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांसाठी इथेच सांगते. तिकडे अजून अनेक रेस्टॉरंटमध्ये वेटर कार्ड घेऊन जातो, ती तिथली रीत आहे. परत आलेल्या स्लिपवर टिपची जागा मोकळी असते. ती कोरी सोडून सही करू नका, टिप आणि एकूण रक्कम स्वतः लिहा. आणि दुबईत, लंडनमध्ये किंवा कुठेही मशीनने 'रुपये की इथलं चलन' असं विचारलं तर तिथलंच चलन निवडा. रुपये निवडले की दर ते मशीनवाले ठरवतात आणि तो जवळजवळ नेहमी महागात पडतो.

फसवणूक झालीच, तर

पहिल्यांदा कार्ड बंद. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे असतो, पण कार्डच गेलं तर तो कुठून बघणार? आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा. इंटरनेटवर शोधू नका, तिथे खोटे कस्टमर केअर नंबर पसरलेले असतात आणि माणूस घाबरलेला असताना नेमका त्यांच्याच जाळ्यात सापडतो. मग १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. आणि बँकेला लेखी तक्रार, तक्रार क्रमांकासह.

तीन दिवसांची मुदत चुकली म्हणून सोडून देऊ नका. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तरी २०१७ च्या त्याच परिपत्रकाप्रमाणे साध्या बचत खात्यावर तुमची जबाबदारी जास्तीत जास्त १०,००० रुपयांची, पाच लाखांवर मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डावर २५,००० ची. तक्रार केल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. फोनवर "बघतो, कळवतो" म्हणाले तर कधी आणि कोण बोललं ते लिहून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला एक पैसाही लागत नाही.