करिअर मार्गदर्शनाचं धोरण: मसुद्याला हात घालण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी यादी करा ती मार्गदर्शन केंद्राकडे न फिरकणाऱ्यांची. येणाऱ्यांची नोंद रजिस्टरात असतेच, आणि धोरणं बहुतेक वेळा ते रजिस्टर बघूनच लिहिली जातात. यादीत ‘वंचित घटक’ एवढंच लिहून मोकळं होऊ नका. शाळा अर्ध्यावर सुटलेली मुलगी, तुरुंगातून सुटून आलेला माणूस, पन्नाशीत कारखाना बंद पडलेला कामगार, नव्या देशात पदवीला किंमत उरली नाही असा निर्वासित डॉक्टर, असं एकेक स्वतंत्र लिहा. मग प्रत्येकापुढे अडतं कुठे ते मांडा: पैसा, अंतर, भाषा, वेळ, लाज, की सरकारी दाराबद्दलचा अविश्वास. त्या डॉक्टरला कल चाचणी देऊन काही साधत नाही. त्याला पदवीच्या मान्यतेची वाट दाखवणारा माणूस हवा. शेवटच्या दोन अडचणींपुढे उपाय सुचत नाही म्हणून रकाना रिकामा राहतो. तो तसाच पुढे जाऊ देऊ नका.

यादीमागोमाग आकडे लागतात, आणि तिथे फॉर्मच घोळ घालतो. ‘आपण अपंग आहात का?’ असं विचारलं की कित्येक जण ‘नाही’वर खूण करतात, काही संकोचाने, काही स्वतःला तसं मानतच नाहीत म्हणून. यावर वॉशिंग्टन ग्रुपची, म्हणजे अपंगत्वाची आकडेवारी कशी गोळा करावी यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाची, छोटी प्रश्नावली वापरावी. प्रश्न ६ च आहेत: दिसणं, ऐकू येणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःचं आवरणं आणि दुसऱ्याशी बोलणं-समजून घेणं. ‘चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का?’ अशा धर्तीचे, आणि उत्तरं चार: त्रास नाही, थोडा होतो, खूप होतो, अजिबात जमत नाही. ‘अपंग’ हा शब्द कुठेही न येता हवी ती माहिती मिळते.

कायद्याचा आधार पाठीशी ठेवा, तरतूद मागताना उपयोगी पडतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७५ चा १४२ क्रमांकाचा करार मुलं, तरुण आणि प्रौढ सगळ्यांपर्यंत मार्गदर्शन न्यायला सांगतो. दिव्यांगांच्या हक्कांच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्र करारातलं कलम २७ तर व्यवसाय मार्गदर्शनाचा नाव घेऊन उल्लेख करतं. आपल्या सरकारने यातलं काय मंजूर केलंय ते तपासून घ्या.

मार्गदर्शन कोणत्या वयात सुरू करायचं, हा प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, साधारण सहा ते आठ या वयातच मुलं ‘हे बायकांचं काम, हे पुरुषांचं’ म्हणून काही वाटा मनातून पुसून टाकतात. पुढे घराची ऐपत आणि कामाची प्रतिष्ठा बघून आणखी काही पुसल्या जातात. शाळेच्या शेवटच्या वर्षी हातात दिलेलं माहितीपत्रक मग आधीच आखूड झालेल्या यादीवर फिरतं. प्राथमिक शाळेसाठी वेगळी तरतूद नसेल तर माझ्या मते मसुदा परत पाठवावा.

आता दाराशी येणाऱ्या गोष्टी. केंद्राची वेळ रोजंदारीवर जाणाऱ्याला जमते का? दिवसाची मजुरी बुडवून कुणी समुपदेशकाकडे येत नाही, म्हणून संध्याकाळची वेळ, फोनवरची सोय आणि प्रवासखर्च हे तिन्ही लिहून ठेवा. लहान मूल घेऊन येणाऱ्या बाईसाठी मूल सांभाळायची सोय, कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी, आणि दुभाष्याचं मानधन वेगळ्या शीर्षाखाली. ‘इतर खर्चा’त टाकलेलं हमखास कापलं जातं. कल चाचणी वापरणार असाल तर तिचे मानदंड कोणत्या मुलांवर ठरले ते विचारा. सुखवस्तू शहरी मुलांवर ठरलेल्या चाचणीत दुसऱ्या भाषेतलं मूल मागे पडलं, तर त्यातून त्याचा कल कळत नाही.

मनुष्यबळाचा हिशेब थोडक्यात: अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा असं सांगते. अडचणी जास्त तिथे हा आकडाही अपुरा पडेल.

मोजमाप कसं करणार, हे आधीच ठरवा. निव्वळ ‘किती जणांना नोकरी लागली’ हे लक्ष्य दिलं की केंद्रं सोपी माणसं निवडतात आणि ज्यांच्यासाठी धोरण लिहिलं ती बाहेर राहतात. युरोपीय संघाच्या २०१३ च्या युवा हमीत, शिक्षण वा काम सुटल्यापासून चार महिन्यांत नोकरी, शिक्षण किंवा प्रशिक्षणाचा चांगला प्रस्ताव द्यावा, अशी मुदत आहे. मुदत जरूर घाला, पण वर्षभराने तो माणूस तिथे टिकला का हेही मोजा, आणि प्रत्येक गटाचे आकडे वेगळे मांडा.

राहिला सल्लामसलतीचा भाग. चाळीस पानी पीडीएफ टाकून पंधरा दिवसांत अभिप्राय मागवणं म्हणजे अभिप्राय नको असल्याचं कळवणंच. सुरुवातीच्या यादीतल्या प्रत्येक गटातले चार-पाच जण, मसुदा अजून कच्चा असतानाच, बोलावून घ्या. त्यांच्या भाषेत वाचून दाखवा, बुडालेल्या दिवसाचे पैसे द्या, आणि त्यांच्या सांगण्यावरून कोणतं कलम बदललं ते त्यांना परत कळवा.